‘ती गोळी’ म्हणजे नक्की कुठली?

प्रति,
आरोग्य विभाग,
जिल्हा परिषद, रत्नागिरी
(आणि वाचतील त्या सगळ्या आया, सासवा व मेडिकलवाले)

स. न. वि. वि.

दापोली तालुक्यात खाडीच्या काठाला एक छोटी बाजारपेठ आहे. तिथल्या एका मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट आहे, काउंटरवर ११ वर्षं झाली. गावाचं नाव लिहीत नाही. गाव सांगितलं की दुकान कळतं आणि दुकान कळलं की गिऱ्हाईकं कळतात. आषाढ संपत आलाय. श्रावण उतरणीला लागला की आमच्याकडे एका गोळीचा मोसम सुरू होतो, त्याच्या आत हे पत्र तुमच्या टेबलावर पोचावं म्हणून घाईने लिहितेय. भाषेत कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

गोळी कुठली ते सांगते: पाळी पुढे ढकलायची. गणपती जवळ आले की बायका दुकानात तारखा मोजत येतात. मागे एक सासूबाई तर भिंतीवरचं कॅलेंडरच गुंडाळून पिशवीत घालून आल्या होत्या. सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे नव्या सुनेने गौरीपुढे सुपं ठेवून करायची पूजा. गौर पूर्वा नक्षत्रावर आलेली, सुपं सांगून ठेवलेली, माहेरची माणसं येणार, आणि सुनेची तारीख नेमकी त्याच दिवशी. “ढकल गो हिची आठ दिवस पुढे,” म्हणाल्या. सून शेजारी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. तिला त्यांनी काही विचारलं नाही. मीही नाही.

मी गोळ्या दिल्या. नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, तारखेच्या तीन दिवस आधीपासून. ही शेड्यूल एच मधली गोळी, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. तरी दिली. ‘मी नाही दिली तर पुढच्या दुकानात मिळेल’ हे कारण मी दर भाद्रपदात स्वतःला सांगते. माझ्यावर कारवाई करायची असेल तर करा, पण आधी पुढचं वाचा.

त्याच सासूबाई दिवाळीनंतर परत आल्या. या खेपेला पिशवीतून माला-डीचं, म्हणजे रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट निघालं. चार गोळ्या खाल्लेल्या, बाकीच्या तशाच. “ही तू दिलीस माझ्या सुनेला? कूस सुकते यानं. घे ही परत.”

मी म्हटलं, “काकी, गौरीला नेलीत ती पण हार्मोनचीच गोळी होती.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी देव्हाऱ्यात चप्पल घालून शिरलेय. “ती देवाच्या कामाची होती,” म्हणाल्या.

हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. गर्भनिरोधक गोळीबद्दल आमच्याकडच्या पोरींना काय माहीत आहे आणि काय वाटतं, याचं सगळं उत्तर त्यात आहे. आमच्या घरांना गोळीची भीती नाही. गोळी कशासाठी घेतली, याची भीती आहे. देवासाठी घेतली तर तिचे दुष्परिणाम कुणी विचारत नाही. पोरीने स्वतःसाठी घेतली की कूस सुकते, अंग सुटतं, केस गळतात, आणि काय काय.

आता औषधाचं बोलू. माला-डी किंवा तुमच्या उपकेंद्रातली फुकटची माला-एन, दोन्हींत औषध एकच: लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल ०.०३ मिलिग्रॅम. पाकिटात २८ गोळ्या, त्यातल्या २१ औषधाच्या आणि ७ लोहाच्या. गौरीच्या आधी दिली जाते ती नॉरएथिस्टेरॉन दिवसाला १५ मिलिग्रॅम. औषधं वेगळी आहेत, त्यामुळे मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावून तुलना होत नाही, हे मला कळतं. पण नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्येच बदलतो, आणि या डोसला तो जवळपास रोजच्या गर्भनिरोधक गोळीइतका भरतो. म्हणजे जिला पूर्वी रक्ताची गाठ झालीय तिला माला-एन देताना नर्सबाई दहादा विचार करतील, आणि तिलाच आम्ही काउंटरवरून कॅलेंडर बघून ही गोळी देतो. अकरा दिवसांचा गणपती असेल तर पंधरा-पंधरा दिवस.

बरं, ही गोळी घेतली म्हणजे गर्भ राहणार नाही असा भरवसा धरता येत नाही. आमच्या बायका मात्र तो धरतात. पाळी पुढे ढकलली म्हणजे दिवसही पुढे ढकलले, असा साधा हिशेब. सणाला नवरा मुंबईहून आलेला असतो, विसर्जन झालं तरी आणखी चार दिवस राहतो. दसऱ्याच्या सुमारास माझ्याकडे प्रेग्नन्सीच्या पट्ट्या जास्त जातात. ही काही आकडेवारी नाही. दर साली त्याच महिन्यात मला जादा माल मागवावा लागतो, एवढंच सांगतेय.

आणि इथेच कोकणाची गोष्ट वेगळी आहे, ती तुमच्या छापील पत्रकांत येत नाही. पत्रकातली गोळी रोज रात्री एक अशी आहे. आमच्याकडे नवरा रोज नाही. तो बोरिवलीला, नाहीतर शिपवर, नाहीतर आखातात. गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात आंबे उतरवायला येतो. मग सून म्हणते, माणूसच नाही घरात, तर रोज गोळी कशाला खाऊ? तिचं चुकलं असं मला वाटत नाही. मग ती काय करते? बोरिवलीहून गाडी सुटली असा फोन आला की गोळी सुरू करते. तो येतो, आठवड्याने जातो, गोळी बंद. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तरच ही गोळी लगेच उपयोगी पडते, एरवी सुरू केल्यापासून सात दिवस निरोध वापरावा लागतो, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. नवरा यायच्या दिवशी घेतली, जायच्या दिवशी सोडली, आणि मग “मी गोळी खात होते तरी राहिलं” असं ती गावभर सांगते. सातआठ घरांत ही गोष्ट पोचली की माला-एनचं त्या वाडीतलं नाव गेलं.

अशा बाईला खरं म्हणजे निरोध सगळ्यात सोपा. चाकरमान्याच्या बॅगेत मखराचं सामान येतं, लायटिंगच्या माळा येतात, पोरांना कपडे येतात, सासऱ्याला ब्रँडेड चप्पल येते. निरोधचं पाकीट तेवढं येत नाही. तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे, तांबी आहे. छाया नावाची गोळी आहे, ऑर्मेलॉक्सिफिनची, लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत शोधलेली. १९९१ पासून ‘सहेली’ नावाने दुकानात, आणि २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्याला एकच. रोजची कटकट नाही, इस्ट्रोजेन नाही. पाळी मात्र तिने लांबते, आणि आधी सांगितलं नाही तर पोरगी घाबरून तिसऱ्या महिन्यात सोडते. सांगायचं कुणी? मी सांगते, पण दुकानात मागे रांग असते, आणि रांगेत तिचे चुलत सासरे असतात.

आता ‘ती गोळी’. दुकानात कुणी गोळीचं नाव घेत नाही. “ती गोळी हाय का ताई?” एवढंच. मला तोंडाकडे बघून, हातातल्या पैशाकडे बघून, महिना कुठला ते आठवून ओळखावं लागतं. पाळी ढकलायची ती पण ‘ती’, रोजची माला-डी ती पण ‘ती’, संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची ती पण ‘ती’, आणि गर्भ पाडायची ती पण ‘ती’च. चार वेगवेगळी औषधं, चार वेगळी कामं, शब्द एक. चुकून दुसरी दिली गेली तर काय होईल, याचा विचार करून मला कधीकधी रात्री झोप लागत नाही. पाळी ‘आणायची’ गोळी मागायला आलेल्या एका बाईला पाळी ‘ढकलायची’ हवी होती, एवढी साधी गल्लत माझ्यासमोर झालेली आहे. नीट विचारलं म्हणून निभावलं.

७२ तासांची गोळी घ्यायला मुलगी येत नाही. मुलगा येतो, बाइक चालू ठेवून. “मित्रासाठी पाहिजे.” लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, एकच गोळी, बिनचिठ्ठीची, त्यामुळे देताना मला काही अडचण नाही. मी त्याला सांगते की जितकी लवकर तितकी बरी, तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. आज घेतली म्हणून उद्याचं संरक्षण होत नाही. पाळी थोडी मागेपुढे होईल, पण आठवड्याहून जास्त लांबली तर पट्टी लावून बघा. तो मान हलवतो आणि निघतो. उलटीचं मी ज्याला सांगते, त्याला उलटी होणारच नसते. तिच्यापर्यंत त्यातलं किती पोचतं देव जाणे.

तिच्यापर्यंत वेगळंच पोचतं. ही गोळी आयुष्यात तीनदा घेतली की मूल होत नाही, असं आमच्याकडच्या कॉलेजच्या पोरींत पक्कं ठरलेलं आहे. खोटं आहे. ती वारंवार घेऊ नये ते यासाठी की रोजच्या साधनाइतकी ती खात्रीची नाही आणि पाळीचं गणित बिघडवते. दुसरी समजूत, ती गर्भ पाडते. तेही खोटं. ती बीज बाहेर पडणं लांबवते. गर्भ राहिलेला असेल तर तिचा काही उपयोग नाही. गर्भपाताच्या गोळ्या पूर्ण वेगळ्या, त्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायच्या. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी काम होत नाही आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो. खाडीपलीकडच्या वाडीतून रात्री दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत पोचायला पावसाळ्यात किती वेळ लागतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

शनिवार-रविवारी मात्र दुकानात वेगळीच हवा असते. मुरुड-हर्णैला आलेली पुण्या-मुंबईची जोडपी हाफ पँटमध्ये येतात, सनस्क्रीन, पाण्याची बाटली आणि “एक आय-पिल द्या” (म्हणजे ७२ तासांची) हे एका दमात म्हणतात, मोबाइलवर पैसे देतात, जातात. त्याच वेळी आमची एखादी पोरगी बाळाच्या पावडरीच्या रॅकसमोर उभी राहून डब्यांवरच्या किमती वाचत असते. दुकान रिकामं होईपर्यंत वाचते. मी एकदा मालकांना म्हटलं, कोपऱ्यात एक पडदा तरी लावू. ते म्हणाले, मेडिकल आहे की फोटो स्टुडिओ?

मुरुडचा विषय निघालाच म्हणून. संततिनियमनाचं केंद्र १९२१ साली मुंबईत काढणारे रघुनाथ धोंडो कर्वे याच मुरुडचे. १९२७ पासून त्यांनी मासिक चालवलं, त्यापायी खटले झाले, आणि १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव शेजारच्या मंडणगडातलं आंबडवे. शंभर वर्षांपूर्वी या विषयावर मार खाणारी दोन माणसं आपल्या एका जिल्ह्यातली. आणि आमची बी.कॉम.ची पोरगी गोळीचं नाव उच्चारू शकत नाही. जयंत्या आपण मोठ्या करतो, ते असो.

बी.कॉम.वरून आठवलं. एस.वाय.ला असलेली एक मुलगी, पाळी चार-चार महिने यायची नाही. डॉक्टरांनी पीसीओडी (अंडाशयाचा विकार) सांगून तीन महिन्यांची गोळी लिहून दिली. आई चिठ्ठी घेऊन आली. मी पाकीट ठेवल्यावर तिने चष्मा लावला आणि अक्षर अक्षर वाचलं. “यावर गर्भनिरोधक लिहिलंय. माझ्या पोरीचं लग्न व्हायचंय.” मी समजावलं, की ही पाळी नियमित करायलाही देतात, लग्नाचा काही संबंध नाही. तिला पटलं, म्हणजे औषध पटलं, पाकीट नाही पटलं. शेवटी मी वरचा खोका काढून टाकला, पट्टी पांढऱ्या पुडीत घातली, वर पेनाने लिहिलं ‘रात्री जेवणानंतर १’. खोक्यातला माहितीचा कागदही खोक्याबरोबर गेला. कधी डोळ्यांपुढे चमकून अर्धं डोकं दुखतं का, रक्तदाब आहे का, टीबीची औषधं चालू आहेत का, हे विचारायचं असतं. (टीबीच्या रिफॅम्पिसिनने या गोळीचा असर कमी होतो, दोन वेगळ्या चिठ्ठ्या दोन वेगळ्या दुकानांत गेल्या तर हे कुणालाच कळत नाही.) आईला मी ते विचारलं. आई म्हणाली, “तिला काय असणार, पोर आहे.”

दोन दिवसांनी मुलगी एकटी आली, रिफिल घ्यायचं निमित्त करून. म्हणाली, “ताई, नंतर मला मूल होईल ना?” मी म्हटलं होईल. गोळी बंद केली की बीज तयार व्हायला पुन्हा सुरुवात होते, कुणाला एका महिन्यात, कुणाला दोनचार. कूस सुकत नाही. उलट अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका या गोळीने कमी होतो, असं माझ्या पुस्तकातही होतं. पहिले दोनतीन महिने मळमळेल, मधेच डाग जातील, ते बसतं. स्तनाच्या कॅन्सरचा धोका घेतेवेळी किंचित वाढतो आणि सोडल्यावर उतरतो, हेही सांगितलं. लपवून काय करायचं? ती म्हणाली, “हे मला कॉलेजात कुणी का नाही सांगितलं?” आता तिला काय सांगणार. डी.फार्म.ला आमचे सरसुद्धा हा धडा आला की म्हणाले होते, “हा घरी वाचा.” वर्गात तीस मुलं-मुली होतो, सगळे खाली मान घालून हसत.

तुमच्या विभागाचं काम मी जवळून बघते, आशाताई माझ्या ओळखीच्या आहेत. पावसात, चिखलात, डोक्यावर इरलं घेतल्यासारखं प्लास्टिक घेऊन फिरतात. २०११ पासून त्यांनी निरोध आणि गोळ्या घरपोच द्यायच्या, असं सरकारचं धोरण आहे, तेव्हा दर ठरला पाकिटाला रुपया, आपत्कालीन (७२ तासांच्या) गोळीला दोन रुपये. चांगलंच आहे. पण आशाताईंच्या हातात जी वही असते ती जननक्षम जोडप्यांची. जोडप्यांची! लग्न झालं की नाव चढतं. रॅकसमोर उभी राहणारी पोरगी त्या वहीत नाही. २०१४ पासूनच्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात ती कागदावर बसते, पण सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायला गेली तर खिडकीतला माणूस मोठ्याने विचारतो, “काय होतंय?” मागे वडिलांचा मित्र. ती म्हणते, “डोकं दुखतं,” आणि पॅरासिटामॉल घेऊन घरी येते. हे एका मुलीने मला सांगितलेलं आहे, दवाखाना कुठला ते जाऊ दे.

आणि वहीत नाव असलेल्यांचं तरी काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली, आणि गोळी घेणाऱ्या ५.१ टक्के. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचा आकडा ०.३, तो लिहायलाही लाज वाटते. आपल्याकडे पाळणा लांबवायचा प्रकार फारसा नाही. दोन मुलं झाली की एकदम थांबवायचा. मधल्या वर्षांत, म्हणजे वीस ते सत्तावीस वयात, नशिबावर आणि नवऱ्याच्या रजेवर.

मागणं फार मोठं नाही. दर गणपतीला तुम्ही मुंबई-गोवा महामार्गावर आरोग्य पथकं लावता, येणाऱ्या चाकरमान्यांना ताप आहे का बघता. तिथे टेबलावर निरोधची पाकिटं उघडी ठेवा. विचारू नका, नोंद करू नका, ठेवा फक्त. श्रावणात प्रत्येक उपकेंद्रात बायकांची एक बैठक घ्या, गौरीच्या आधी, आणि चारही गोळ्या सतरंजीवर मांडा. नावं मोठ्याने घ्या. ही ढकलायची, ही रोजची, ही ७२ तासांची, आणि ही डॉक्टरांशिवाय हात लावायची नाही ती. ढकलायची गोळी कुणी घेऊ नये, असं मी म्हणत नाही. पाळीत देवाला शिवावं की नाही, यावर माझं मत वेगळं आहे, पण ते या पत्रात नको. घ्यायची तर डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि जिच्या पोटात जाणार तिला आधी विचारा. बैठकीला लग्न न झालेल्या पोरींनाही बोलवा, ‘रक्त तपासणी’ म्हणून बोलवलंत तरी चालेल, आया पाठवतील. आणि आम्हा मेडिकलवाल्यांना मराठीत छापलेली एक चिठ्ठी द्या, बोटभर आकाराची, गोळीच्या पट्टीला रबर लावून देता येईल अशी. बाइकवाल्याबरोबर ती तरी तिच्यापर्यंत जाईल.

सासूबाईंना पण बोलवा. त्या वाईट नाहीत. माला-डी परत द्यायला आल्या होत्या तेव्हा जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, “आमच्या वेळेला पाच झाली, दोन गेली. तेव्हा असलं काय होतं की नव्हतं, कोण सांगणार?” होतं. मी तेव्हा बोलले नाही.

आमच्या बाजारपेठेत बैठक घ्यायची ठरवलीत तर दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं, तेवढा वेळ मी मोकळी असते. शाळेची एक खोली मिळेल असं हेडमास्तरीणबाईंनी तोंडी सांगितलंय. चारही पाकिटं मी आणीन, खोक्यासकट.

कळावे,
आपली,
एक फार्मासिस्ट, दापोली तालुका